इन्सुलिन पंप लावलेल्या लेकराला घेऊन विमानतळाच्या चेकिंगमधून कसं जायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आमच्या लेकीला टाइप वन डायबेटिस आहे हे कळलं तेव्हा ती साडेचार वर्षांची होती, आता नऊ पूर्ण होतील आणि गेली तीन वर्षं ती पंपावर आहे, म्हणजे मोबाइलएवढं एक यंत्र कमरेला असतं आणि ते बारीक ट्यूबमधून दिवसरात्र अंगात इन्सुलिन सोडत राहतं. सोलापुरात पंपवाली लेकरं तशी कमीच, त्यामुळे ओळखीत कुणाचं पोरगं पहिल्यांदा विमानात बसणार असलं की फोन मला येतो, ताई चेकिंगला काय सांगायचं, पंप काढावा लागतो का, सुया नेऊ देतात का. दर वेळी अर्धा तास बोलते आणि तरी काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

पूर्वी आपल्याला विमान धरायला पुणं नाहीतर हैदराबाद गाठावं लागायचं. आता विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, जून २०२५ मध्ये आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, मग मुंबईचंही झालं, त्यामुळे आपल्याकडची कितीतरी लेकरं आयुष्यात पहिल्यांदा चेकिंगच्या दारातून जायला लागलीत. त्यात पंपवालीही असणारच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते, बाकी वाचायला वेळ नसला तरी एवढी लक्षात ठेवा. ट्रेमध्ये काहीही ठेवायच्या आधी तोंड उघडायचं. पट्टा फिरायला लागला, मागची रांग ढकलायला लागली, की मग आपण काय बोलतो ते कुणालाच ऐकू येत नाही आणि आपलं डोकंही चालत नाही. हे मी अनुभवानं सांगतेय, तो प्रसंग पुढं लिहिलाय.

आधी तुमच्या पंपाचं पुस्तक उघडा

तीन मशीन वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे चौकटीसारखं दार, मेटल डिटेक्टर, आणि त्याच्याच जोडीचा हातातला दांडा. दुसरं बॅगा जातात ते एक्स-रे. तिसरं बॉडी स्कॅनर, काचेच्या खोलीसारखं, आत हात वर करून उभं राहायचं. हे परदेशात सर्रास असतं आणि आपल्याकडेही हळूहळू येतंय.

मेटल डिटेक्टरच्या दारातून पंप लावून गेलं तरी सहसा चालतं, हातातला दांडा फिरवला तरीही. एक्स-रे आणि बॉडी स्कॅनरचं मात्र कंपनीप्रमाणे बदलतं. मेडट्रॉनिकसारख्या ट्यूबवाल्या पंपांना दोन्ही नको असं कंपनीच सांगते, पंप एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवायचा नाही आणि अंगावर लावून बॉडी स्कॅनरमध्येही जायचं नाही. ट्यूब नसलेल्या, थेट अंगाला चिकटणाऱ्या काही पंपांना कंपनी दोन्ही चालतं म्हणते. सेन्सरचंही, म्हणजे अंगाला चिकटवून सतत शुगर दाखवणाऱ्या यंत्राचंही, तसंच, एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मॉडेलला नियम वेगळे असू शकतात. म्हणून शेजारणीच्या पोराचं चाललं म्हणून आपलं चालेल असं धरू नका. पुस्तिकेतलं विमानतळाबद्दलचं पान शोधा, त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, सापडत नसेल तर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा आणि ईमेलवर लेखी मागवा. चेकिंगला अधिकाऱ्याला ते पान दाखवलं की अर्धं काम तिथंच होतं.

डॉक्टरांचं पत्र

दोन-तीन आठवडे आधी मागा. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे डॉक्टर पुण्याला, आणि पत्राला सही-शिक्का ओला लागतो, नुसता व्हॉट्सअॅपवरचा फोटो पुढं केला की कधी मानतात कधी नाही. पत्र इंग्रजीत घ्या, लेटरहेडवर, डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशन नंबरसकट. लेकराचं नाव तिकिटावर आणि आधारवर आहे तस्संच हवं, घरातलं लाडाचं नाव नको.

आत काय लिहून घ्यायचं ते डॉक्टरांना यादी करूनच द्या, त्यांनाही बरं पडतं. टाइप वन डायबेटिस आहे, इन्सुलिनशिवाय जिवाला धोका आहे, अमुक मॉडेलचा पंप आणि सेन्सर चोवीस तास अंगाला जोडलेला असतो, तो काढू नये, एक्स-रे आणि बॉडी स्कॅनरमधून नेऊ नये, हातानं तपासणी करावी. त्याखाली सामान: इन्सुलिनच्या बाटल्या किंवा कार्ट्रिज, पेन, सुया, सिरिंज, लॅन्सेट, ग्लुकोमीटर, स्ट्रिप, पंपाचे सेट (ट्यूब आणि अंगात बसणारी बारीक नळी), सुटे सेल, बर्फाचे जेल पॅक, ज्यूस, ग्लुकोज. म्हणजे मग एकेक वस्तूवरून वाद होत नाही. तीन प्रती काढा, एक माझ्याकडे, एक यांच्याकडे, एक औषधाच्या पाऊचमध्येच.

याच वेळी डॉक्टरांना अजून दोन गोष्टी विचारून घ्या. पंप बंद पडला तर लाँग अॅक्टिंग, म्हणजे हळूहळू दिवसभर काम करणारं इन्सुलिन किती युनिट द्यायचं ते आकड्यात लिहून घ्या. आणि पंपातली सगळी सेटिंग, बेसल (दिवसरात्र थोडं थोडं जाणारं इन्सुलिन), कार्बचा रेशो (किती कार्बला किती युनिट), करेक्शन (चढलेली शुगर उतरवायचा डोस), कागदावर उतरवा किंवा स्क्रीनचे फोटो काढा. पंप मेला की आतले आकडेही त्याच्याबरोबर जातात.

सामान भरताना

नियम एकच, जेवढं लागेल त्याच्या दुप्पट आणि सगळं हातातल्या बॅगेत. सेट दोन-तीन दिवसांनी बदलतो, म्हणजे सहा दिवसांच्या ट्रिपला तीन लागतात, मी सहा-सात नेते. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही, एक तर बॅग हरवते, दुसरं म्हणजे खाली सामानाच्या जागेत ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, दिसायला मात्र चांगलंच दिसतं. दोन भाग करा, एक भाग आईच्या बॅगेत, एक बाबांच्या.

आपल्याकडे खरी भीती गोठण्यापेक्षा उन्हाची. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं असतं, वापरात काढलेली बाटली साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालते पण खोलीचं म्हणजे २५-३० अंशांच्या आत, आपल्या मे महिन्यातल्या ४३ अंशांचं नाही. गाडी उन्हात लावून पाच मिनिटं चहाला उतरलो तरी पाऊच बरोबर घेऊन उतरायचं. मी पाण्यात भिजवून वापरायचं पाऊच वापरते, माठासारखंच काम करतं, बाहेरून पाणी उडत राहतं आणि आत गार राहतं, बर्फ लागत नाही त्यामुळे चेकिंगलाही प्रश्न येत नाही. फक्त ते कोंदट पिशवीत दाबून ठेवू नका, हवा लागली तरच गार होतं. जेल पॅक वापरणार असाल तर इन्सुलिनला थेट टेकू देऊ नका, मधे नॅपकिन गुंडाळा.

आता एक गोष्ट, जी चेकिंगची नाही पण प्रवासात जिवावर बेतू शकते, म्हणून जरा थांबून वाचा. पंपात यू-१०० इन्सुलिन असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिलिलिटरला ४० युनिटवाली बाटलीही सर्रास मिळते आणि तिची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. यू-१०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. प्रवासात पंप बिघडला आणि घाईत पंपाच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजनं चार रेघा इन्सुलिन ओढलं तर लेकराला चार नाही दहा युनिट जातात. अडीच पट! उलट ४० युनिटवालं इन्सुलिन पंपात भरलं तर निम्म्याहून कमी जाईल आणि शुगर चढत राहील. म्हणून घरातूनच नारिंगी टोपणाच्या पाच-सहा सिरिंज पाऊचमध्ये टाका, किंवा पेन न्या, परगावी मेडिकलवाल्याच्या भरवशावर राहू नका.

खायचं म्हणाल तर लो साठी, म्हणजे शुगर खाली गेली तर, ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर आणि ज्यूसचे छोटे डबे दोन्ही घ्या. पावडर कंपनीच्या पाकिटातच असू द्या, साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत पांढरी पावडर दिसली की कुणीही थांबवेल. देशातल्या विमानाला ज्यूसचं फारसं काही म्हणत नाहीत, परदेशात जाताना १०० मिलीच्या वरचं पातळ काढून ठेवायला लावतात, औषधी गरजेला सूट असते, पण तेव्हाही पत्रात ज्यूस लिहिलेला असला तर सोपं जातं. पोटभरीला आमच्याकडे कडक भाकरी असतेच, मोडत नाही, खराब होत नाही, आणि एका भाकरीचे कार्ब आम्हाला पाठ आहेत. शेंगा चटणी मात्र मोठ्या बॅगेत टाका, तिखट-मसाल्याची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही.

घरी तालीम

हे लोकांना उगाच वाटतं पण मला हीच सगळ्यात कामाची पायरी वाटते. लेकरू घाबरलं की शुगरवरही परिणाम होतो, आणि अनोळखी बाईनं अंगाला हात लावणं हे नऊ वर्षांच्या मुलीला सोपं नसतं.

आम्ही हॉलमध्ये दोन खुर्च्यांचं दार केलं. आजी झाली पोलीस मॅडम, हातात लाटणं. लेक दारातून आली, हात पसरून उभी राहिली, आजीनं लाटणं फिरवलं आणि विचारलं, "हे काय आहे गं कमरेला?" पहिल्या वेळी लेक माझ्याकडं बघायला लागली. मग तिला एक वाक्य शिकवलं, मराठीत आणि हिंदीत, कारण मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफचे लोक असतात आणि ते देशभरातून आलेले असतात. "ये इन्सुलिन पंप है, ये निकाल नहीं सकते।" एवढंच. आणि दुसरं, साइटच्या जागी, म्हणजे सेटची नळी अंगात बसते तिथं, हात लावला तर "यहाँ सुई है, दुखता है।" चार-पाच वेळा केल्यावर तीच आजीला हुकूम सोडायला लागली. तिला हेही सांगून ठेवलं की दार वाजलं तर आपली चूक नाही, दार धातूला वाजतं, तुला नाही.

जायचा दिवस

सेट आदल्या दिवशी बदला, निघायच्या सकाळी नाही. नवीन सेट नीट बसलाय का हे कळायला काही तास जातात, नळी मुडपली असेल तर ते घरी कळलेलं बरं. कपडे दोन भागांत घाला, वर टॉप खाली पँट, म्हणजे पंप दाखवायला सगळा फ्रॉक वर करावा लागत नाही. विमान कंपनीनं सांगितलेल्या वेळेच्या पाऊण तास तरी आधी पोचा, आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरही. तिथं रांग छोटी असते हे खरं, पण अशा ठिकाणी पंप रोज दिसत नाही, समजावून सांगायला वेळ लागतो. पुण्याहून विमान असेल तर हायवेवरचा वेळही सढळ धरा.

रांगेत उभं राहायच्या आधी शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर रांगेत जायचंच नाही, बाजूला बसून आधी ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत चेक. लहान मुलाला किती द्यायचं ते वजनावर असतं, साधारण किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे २५ किलोच्या लेकराला सात-आठ ग्रॅम. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते धरा. ९०-१०० असेल आणि सेन्सरवरचा बाण खाली, म्हणजे शुगर उतरतेय असं दाखवत असेल तरी मी एखादं बिस्किट देते, कारण आत किती वेळ जाईल ते आपल्या हातात नाही.

चेकिंग

बायकांची रांग वेगळी असते, मुलगी असेल तर ती आईबरोबर. आम्ही कामं वाटून घेतलीत, हे पुरुषांच्या रांगेतून जातात आणि फोन, पॉवर बँक, सगळ्या बॅगा यांच्याकडं, माझ्याकडं फक्त लेक, पत्र आणि औषधाचं पाऊच. माझे दोन्ही हात मोकळे असतात.

ट्रेजवळ पोचताच जो कुणी तिथं उभा असेल त्याला थांबवून बोला, पत्र उघडं हातात धरून: "सर, बच्ची को इन्सुलिन पंप लगा है, शरीर से जुड़ा है। ये एक्स-रे में नहीं जा सकता। हाथ से चेक कीजिए।" आवाज शांत पण स्पष्ट. लांबलचक रोगाचा इतिहास सांगत बसू नका, त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात, काय आहे, काय करू नका, त्याऐवजी काय करा.

मग औषधाचं पाऊच वेगळ्या ट्रेमध्ये. इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर एक्स-रेमधून गेलं तर बिघडत नाही. पण जादाचा पंप, ट्रान्समीटर (सेन्सरचे आकडे पाठवणारा भाग), न उघडलेले सेन्सर असतील आणि कंपनीनं चालतं असं लिहिलेलं नसेल तर ते छोट्या पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि हातात द्या, हातानंच बघायला सांगा.

लेक दारातून गेली की बहुतेक वेळा दार वाजतं. पडद्यामागं मॅडम घेतात. तुम्ही बरोबर आत जा, जाऊ देत नाहीत असं मला अजून कुठं झालं नाही पण सांगायला लागलं तर सांगा, लहान आहे, मी इथंच थांबते. पंप क्लिपसकट कपड्यातून बाहेर काढून दाखवायचा, ट्यूब जोडलेलीच. साइट कुठल्या बाजूला आहे ते आधीच बोटानं दाखवा म्हणजे तिथं दाबणार नाहीत, सेन्सर दंडावर असेल तर तोही दाखवा. कधी कधी कापडाची पट्टी पंपावर किंवा हातांवर फिरवून मशीनमध्ये घालतात, स्फोटकांची चाचणी असते ती, त्यानं काही होत नाही, करू द्या.

आता तो प्रसंग. आमच्या पहिल्याच विमानप्रवासात, एका मोठ्या विमानतळावर, मी पत्र बॅगेच्या तळाशी ठेवलं होतं. रांग भरभर पुढं सरकत होती. एका कर्मचाऱ्यानं लेकीच्या कमरेकडं बोट दाखवून सांगितलं, मोबाइल ट्रे में रखो. मी म्हणाले मोबाइल नाही, तो म्हणाला जो भी है रखो. मागून कुणीतरी जल्दी जल्दी म्हणत होतं, आणि मी क्लिप काढली, ट्यूब सोडवली आणि पंप ट्रेमध्ये ठेवला. तो पट्ट्यावरून आत जाताना बघितला तेव्हा कळलं मी काय केलं. पंप चालू होता, बाहेर आल्यावर स्क्रीनही दिसत होती, पण हेल्पलाइननं सांगितलं की आता त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ती सगळी ट्रिप आम्ही दर दोन तासांनी बोट टोचून शुगर बघत काढली, रात्री गजर लावून. लेकीची बोटं हुळहुळी झाली होती. 

तुमच्या बाबतीत असं झालंच तर हेच करा: अलार्म आलाय का बघा, वेळ आणि सेटिंग जागेवर आहे का तपासा, पंपात सेल्फ टेस्ट असेल तर करा, सेन्सरचा आकडा मीटरशी ताडून बघा, कंपनीला फोन करा, आणि पेन हाताशी ठेवा.

कुणी पंप काढाच म्हणून अडून बसलं तर वाद घालू नका, पण होही म्हणू नका. "सीनियर ऑफिसर को बुला दीजिए, हम रुकते हैं" म्हणा आणि बाजूला उभे राहा. शिफ्टच्या इनचार्जनं पत्र वाचलं की सुटतं, माझा तरी तसाच अनुभव आहे. परदेशात बॉडी स्कॅनर पुढं आला तर तिथंही हाताच्या तपासणीची मागणी करा. अगदीच काही चाललं नाही तर शेवटचा मार्ग म्हणजे ट्यूब सोडून साइटला टोपण लावायचं आणि पंप अधिकाऱ्याच्या हातात द्यायचा, पट्ट्यावर नाही, आणि पाच-दहा मिनिटांत परत जोडायचा. पंपात फक्त लवकर उतरणारं इन्सुलिन असतं, मागं लाँग अॅक्टिंगचा आधार नसतो, त्यामुळे जास्त वेळ सुटा राहिला तर काही तासांतच रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढायला लागतात, आणि ते धोक्याचं असतं. म्हणूनच कीटोनच्या पट्ट्याही पाऊचमध्ये हव्यात.

बाहेर आलात की बूट घालायच्या आधी मोजणी करा. पंप, पाऊच, सुटी पिशवी, पत्र. पाऊच ट्रेमध्येच विसरून गेटपर्यंत गेलेले लोक मला माहीत आहेत.

विमानात

पाऊच वरच्या कप्प्यात नाही, पायाशी. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ परत चालू केलं की सेन्सरचे आकडे येत राहतात.

विमान वर चढताना केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, त्यानं रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे पंपातल्या इन्सुलिनच्या टाकीत, बुडबुडे होतात आणि थोडं इन्सुलिन आपोआप ढकललं जातं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०११ साली हे मोजून दाखवलं होतं, साधारण १ ते १.४ युनिट जास्तीचं. मोठ्या माणसाला ते काहीच नाही, पण लहानग्याची शुगर एका युनिटनं शंभराहून जास्त आकड्यांनी उतरू शकते. रिझर्व्हॉयर काठोकाठ भरू नका, अर्धा पुरे. काही डॉक्टर टेक-ऑफच्या आधी ट्यूब सोडायला आणि वर पोचल्यावर बुडबुडे काढून जोडायला सांगतात. तुमच्या लेकराला ते करायचं का हे डॉक्टरांनाच विचारा. आम्ही सोडत नाही, पण वर गेल्यावर ट्यूब उजेडात धरून बघते, शुगरवर लक्ष ठेवते आणि ज्यूस हातात असतो. खाण्याचा बोलस, म्हणजे जेवणासाठीचा इन्सुलिनचा डोस, प्लेट समोर आल्यावरच, जेवणाची ट्रॉली दिसली म्हणून नाही, हादरे बसायला लागले की वाढणं तिथंच थांबतं.

दुबईला वगैरे जाणार असाल तर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं, पोचल्यावर पंपाची वेळ बदला म्हणजे रात्रीचं बेसल रात्रीच जाईल. परत आल्यावर पुन्हा बदलायला विसरू नका, आमच्या ओळखीत एकांचं आठवडाभर राहिलं होतं.

परतीच्या दिवशी पुन्हा हेच सगळं. वापरलेल्या सुया कडक प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून मोठ्या बॅगेत टाका. पत्र हॉटेलच्या टेबलावर राहत नाही ना ते बघा. आमचं गोव्याचं परतीचं चेकिंग झालं तेव्हा मी पत्र उघडेपर्यंत लेकीनं हात पसरून मॅडमना स्वतःच सांगून टाकलं होतं, "ये इन्सुलिन पंप है, ये निकाल नहीं सकते।" मॅडम म्हणाल्या, "ठीक है बेटा, दिखा दो," आणि दीड मिनिटात आम्ही बाहेर होतो.